लाल तारेवरचं धुणं

बार्जवरून,
४ मार्च

वन्सं,

नमस्कार. वाकूनच करणार होते, पण कमरेत उसण भरलीय आणि हातात पाना आहे, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घ्या. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, आणि आज मला बोलायचंय.

तुम्ही आठ दिवस राहून गेलात, बरं वाटलं. मामंजी अजून विचारतात, "गेली का ती?" गेली म्हटलं की सुस्कारा टाकतात. तो कसला, ते मी विचारलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही गेल्यापासून आपला पंप भुताने झपाटल्यासारखा वागतोय.

तुम्ही याच बार्जवर लहानाच्या मोठ्या झालात हे मला मान्य आहे, तुम्ही ते विसरू देत नाही. पण तेव्हा हिच्या पोटात वाळू असायची. वाळू सांडली तर झाडूने गोळा करता येते. आता हिच्या पोटात थिनर असतं, रंगवाले वापरतात ते, ठिणगी पडली की भडकणारं. धक्क्याला लागलो की पुढच्या डेकवरचा पंप ते जाड नळीतून किनाऱ्यावरच्या टाकीत ढकलतो. नळी फुटली, गळती झाली, तर पंपापर्यंत पळत जायला वेळ कुणाला? म्हणून ती लाल तार. पंपाजवळच्या लाल दांड्यापासून निघते आणि डेकच्या कडेकडेने, कमरेच्या उंचीवरून, थेट मागे माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते. कुठूनही ओढा, दांडा खाली पडतो, पंप बंद, व्हॉल्व्ह बंद. आमचा सगळ्यांचा जीव त्या तारेला टांगलेला आहे म्हणा ना.

आणि ही तार हल्ली कुणी न ओढताच ओढली जातेय! पंप छान चाललेला असतो, एकदम धाडकन दांडा पडतो. धक्क्यावर भोंगा वाजतो. मग तिथली झाडून सगळी माणसं हातातलं काम टाकून मोकळ्या मैदानात पळतात. वजनकाट्यावरचा कारकून तोंडातल्या घासासकट पळाला. धक्क्याचे साहेब (गळ्यात सदा शिट्टी असते म्हणून आम्ही त्यांना शिट्टीसाहेब म्हणतो) काल अर्धी दाढी करून आले होते. उरलेल्या अर्ध्या तोंडाला साबण. त्या तोंडाने माणूस रागावला की हसू आवरणं फार कठीण असतं, आणि मी आवरलं नाही.

मग मात्र त्यांनी जे सांगितलं त्याने हसू मावळलं. महिनाअखेर तपासणी आहे. पंप असाच वेड्यासारखा वागला तर माल वाहायची परवानगी जाणार. माल नाही तर धक्क्यावर जागा नाही, जागा नाही तर बार्ज भंगारात. आमचं घरच ते. मग हे, मी आणि मामंजी जाणार कुठे? हे म्हणतात, "ताई आहे की!" म्हणजे तुमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. विचार करा.

म्हणून विचारते, राग मानू नका. राहायला होतात तेव्हा चुकून त्या लाल तारेला काही केलंत का?

तुमची,
वहिनी


घरून,
९ मार्च

वहिनीबाई,

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! बिचारी नणंद आठ दिवस काय येते, आणि पंप बिघडला तरी तिनेच बिघडवला. उद्या नदी आटली तर म्हणशील वन्संनी आंघोळ केली.

मी त्या तारेला हातही लावलेला नाही. ती तार आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आता ती स्वयंपाकघरापाशी पार खाली लोंबत होती आणि तिला गंज चढलाय, तो चादरीला लागतो आणि लिंबू चोळलं तरी जात नाही, एवढं दिसतंच की माणसाला. तेवढ्यावरून मी हात लावला असं होत नाही.

मी इस्पितळात इतकी वर्षं चादरींचं खातं सांभाळलं. माझ्या हाताखालून गेलेल्या चादरीवर डाग दाखव आणि बक्षीस ने, असं मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते. आणि तुमच्याकडे बघितलं तर उशांचे अभ्रे! अभ्रे म्हणायचे की पायपुसणी? मी मुकाट्याने सगळं धुऊन दिलं. त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

आता तुमच्या इकडे येण्याबद्दल. माझ्या दोन खोल्या आहेत. तीन माणसं. मला काही गोष्टी नीट कळायला हव्यात. बाबा आडवे झाले की पाय पसरून झोपतात की दुमडून? रात्री उठतात ते डाव्या कुशीवरून की उजव्या? धाकटा अजून झोपेत लाथा झाडतो का? लग्नात तुला कोणी सावध केलं नाही, मला वाईट वाटतं. तुला पंखा सोसतो की नाही? आणि तुमचा तो बार्जवरचा पलंग लांबीला किती आहे? दोरी लावून मोजून कळव. हे मी उगाच विचारत नाही. जागा किती लागेल हे कळायला नको का?

तब्येतीला जप. जाड झालीयेस. डेकवरून जिना चढताना बार्ज एका बाजूला कलत होती, मी बोलले नाही.

ताई


बार्जवरून,
१५ मार्च

वन्संना नमस्कार,

"गंज चादरीला लागतो"! वाह, वन्सं. हात न लावता चादर तारेपर्यंत चालत गेली वाटतं? तुमचं पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की दातांची कवळी चहात पडली.

शिवाय पुरावा सापडलाय. तारेच्या मागच्या टोकाला एक पिवळा चिमटा. आमच्याकडे सगळे चिमटे निळे आहेत.

फिटर येऊन गेला. पोटावर झोपला, पाठीवर झोपला, शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून म्हणाला, "वहिनी, ही तार कुणीतरी इथल्या कडीतून ओढून घेऊन गाठ मारलीय. तंबोऱ्यासारखी ताणलीय. ही गाठ मला सुटत नाही." पान्याने झालं, पकडीने झालं, दातांनी झालं. गाठ हलेना. म्हणाला, तार कापावी लागेल, नवी मागवावी लागेल, ती यायला महिना. आणि मग मला आठवलं, तुम्ही निघालात त्याच दुपारी पुढचा दांडा खाली पडलेला होता. पंप चालू नव्हता म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. मीच तो वर केला आणि म्हटलं मामंजींचा धक्का लागला असेल. त्यांना बोललेही. आता त्यांची माफी मागावी लागली, आणि त्यांनी ती दोनदा मागायला लावली.

बरं, ताणलेली असेना, पण ती ओढतं कोण? तेही मी शोधून काढलं. बगळा! मामंजी दुपारी मासळीची डोकी पाण्यात टाकतात. त्यासाठी एक बगळा येतो, चांगला गलेलठ्ठ आहे. तो उतरतो तो नेमका तारेवर. तो टेकला की तार ओढली जाते, दांडा पडतो, भोंगा वाजतो, भोंग्याने बगळा उडतो. म्हणून आजवर गुन्हेगार कुणाला दिसला नाही. मामंजींना म्हटलं, डोकी टाकू नका. ते म्हणतात, बगळ्याने यांच्या तारेवर बसावं असं मी कुठे सांगितलं?

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तुमच्या भावाने काय केलं ऐका. लाल दांडा वरच्या वर राहावा म्हणून त्यांनी तो खांबाला सुतळीने बांधून टाकला. बगळा बसो नाहीतर मोर बसो, दांडा पडत नाही. म्हणतात, "तपासणी होईपर्यंत. भोंगा वाजला नाही म्हणजे झालं."

मी म्हटलं, "अहो, आग काय तपासणीची वाट बघत बसणार आहे? नळी फुटली तर?" म्हणतात, "इतक्या वर्षांत फुटली नाही." वन्सं, माझा संताप संताप झाला. मी रोज सकाळी सुतळी कापते, हे रोज जेवणानंतर पुन्हा बांधतात. सुतळीचं बंडल मी लपवलं तर बुटाची नाडी बांधली. बोलणं मी बंद केलंय. जे सांगायचं ते मामंजींच्या मार्फत. मी म्हणते, "मामंजी, तुमच्या मुलाला सांगा, ती सुतळी काढा." मामंजी त्यांना जाऊन सांगतात, "ती म्हणते तू गाढव आहेस." मी गाढव म्हटलं नव्हतं. पण म्हटलं नाही असंही सांगायला गेले नाही.

मला भीती वाटते, वन्सं. हसत लिहितेय पण खरंच वाटते. मी त्या थिनरच्या वर स्वयंपाक करते आणि त्याच्या वर झोपते. ती तार आहे म्हणून झोप लागते.

तुमच्या मापांबद्दल: समजलं. जागा किती नाही हे मोजून दाखवायची गरज नव्हती. आम्ही शक्यतो येणार नाही.

वहिनी


घरून,
२० मार्च

वहिनीबाई,

ठीक आहे. बांधली मीच. आता काय सुळावर चढवणार?

पण माझंही ऐकून घे. मी आले त्याच दिवशी ती तार पाहिली. मागच्या बाजूला हा एवढा झोळ पडलेला. मी विचार केला, लाल रंग आहे, काहीतरी महत्त्वाचं असेल, आपण उगाच हात लावायला नको. म्हणून आधी ओढून पाहिली. चांगली दोन्ही हातांनी, पाय लावून. काही झालं नाही. पुढे काही पडलं नाही, काही वाजलं नाही. तेव्हा पंप चालू होता, चांगला धडधडत होता, तो तसाच धडधडत राहिला. मग मी काय समजायचं? ओढून काही होत नाही अशी तार दारासमोर कशाला असते? धुणं वाळत घालायला. हे कुणीही म्हणेल.

आठ दिवस त्या झोळात चादरी टाकल्या, त्यांची टोकं डेकवर लोळायची, माझा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटच्या दिवशी म्हटलं जाता जाता नीट करून जावं. बाबांनी शिकवलेली गाठ मारली. ती फिटरला सुटणार नाही. बाबांनाही सुटायची नाही.

मला वाटलं होतं तुला बरं वाटेल.

सोबतची चिठ्ठी धाकट्याला दे. तू वाचू नकोस. वाचशीलच.

"धाकट्या, लहानपणी आजोळी तू विहिरीच्या रहाटाला दोर उलटा गुंडाळून सगळ्या आळीला तहानलेलं ठेवलं होतंस, तेव्हाही म्हणाला होतास, 'तात्पुरतं आहे.' त्या मुलीने जिवाच्या भीतीने पत्र लिहिलंय आणि तू नाड्या बांधत बसलायस? तो दांडा सोड. ही चिठ्ठी वाचून संपायच्या आत सोड. बगळ्याची भीती वाटत असेल तर मी येऊन बगळ्याशी बोलते. — ताई"

आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. बाबांना खिडकीजवळ आवडतं की भिंतीजवळ? विचारलं तेवढं सांगायला काय होतं तुम्हा लोकांना?

ताई


बार्जवरून,
२९ मार्च

वन्सं, वन्सं, वन्सं,

आधी सांगते, सगळे सुखरूप आहेत. मामंजी झोपलेत, हे आंघोळ करतायत, आजची चौथी. आता बसून वाचा.

परवा सकाळी तुमचं पत्र आणि तपासणीवाल्या बाई दोन्ही एकदमच धक्क्यावर आल्या. पत्राचं कळतं, पण बाई यायला अजून दोन दिवस होते. न सांगता आल्या. डोक्यावर हेल्मेट इतकं मोठं की बोलताना ते हलायचं आणि बाई स्थिर असायच्या. बाजूला शिट्टीसाहेब, त्या दिवशी दोन्ही बाजूंनी दाढी केलेले.

ह्यांनी तुमची चिठ्ठी वाचली. वाचून संपली तरी दांडा सोडला नाही. घडी घालून खिशात ठेवली आणि मामंजींमार्फत कळवलं, "आजचा माल उतरला की काढतो." मी मामंजींमार्फत कळवलं, "बांधलेल्या पंपावर मी काम करणार नाही." आणि तरातरा मागे जाऊन धुणं काढलं. रागात माणूस जड कपडे धुतो. मी तुम्ही दिलेलं ते ब्लँकेट धुवायला घेतलं. कोरडं असतं तेव्हा ब्लँकेट असतं, ओलं झालं की अस्वल होतं. दोन्ही हातांनी कवटाळून उभी राहिले, पाणी निथळतंय, आणि कुठे टाकावं ते सुचेना. कारण ती तार ही धुण्याची तार नाही, वन्सं.

तेवढ्यात पुढून फुस्स असा आवाज आला. मग शिट्टी, मग थेट कारंजं! नळीच्या जोडाचं पॅकिंग गेलं होतं. थिनरची धार ह्यांच्या डोक्याइतकी उंच. पंपाचं बटण धारेच्या पलीकडे, तिथे जायची सोय नाही. ह्यांनी दांड्यावर झडप घातली. दांडा बांधलेला! स्वतःच्या हाताने, सुतळीचे वेढ्यांवर वेढे घालून, वरून बुटाची नाडी. ओढतायत, गाठी आणखी घट्ट होतायत. चाकू शोधतायत, चाकू मी सुतळी कापायला नेलेला. त्यांचं तोंड मी इथून पाहिलं. तसं तोंड मला परत पाहायचं नाही.

माझे हात अस्वलात अडकलेले. सोडायला क्षण होता का? नव्हता. मी अस्वलासकट तारेवर आडवी पडले.

तडाक! सुतळी तुटली, नाडी तुटली, दांडा पडला, पंप गप्प झाला. धार खाली खाली येत थांबली. बगळ्याने जे झालं नसतं ते ओल्या ब्लँकेटने आणि माझ्या वजनाने झालं. तुम्ही म्हणता ना जाड झालेय? झालेय! आणि आता कमी होणार नाही, सांगून ठेवते.

सांडलेलं बरंचसं नळीखालच्या तबकात पडलं. बाकीच्यावर धक्क्यावरच्या आगबंबवाल्यांनी फेस मारला. त्यातल्या एकाला कुठे थांबायचं ते कळलं नाही, त्याने ह्यांच्यावरही मारला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. नुसते डोळे दिसत होते, आणि ते माझ्याकडे बघत होते.

बाई जवळ आल्या. डेकवरची तुटकी सुतळी दोन बोटांत धरून उचलली.

"हे काय?"

फेसातून आवाज आला, "सुतळी."

"कशासाठी?"

"बगळ्यासाठी."

 बाईंचं हेल्मेट हलायचं थांबलं. मग ह्यांना जे बोलल्या ते मी लिहीत नाही, तुमचा भाऊ आहे. पण तुम्ही स्वतः असतात तरी याहून चांगलं बोलला नसतात.

मला वाटलं, संपलं. परवानगी गेली, बार्ज गेली. पण बाई तशाच मागे आल्या. दांडा वर करायला लावला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, तुमच्या गाठीपाशी, एका बोटाने तार ओढली. पुढे दांडा खटकन पडला. पुन्हा वर, पुन्हा ओढली. पुन्हा पडला. म्हणाल्या, "या धक्क्यावर मी आजवर जेवढ्या बार्ज बघितल्या, सगळ्यांची तार मागून ओढली की मागेच राहते. पुढे पत्ताही लागत नाही. ही कुणी ताणली?"

"आमच्या वन्संनी."

"कुठल्या कंपनीच्या?"

"घरच्याच."

तेव्हा मला तुमच्या पत्रातली ती ओळ आठवली. तुम्ही पंप चालू असताना दोन्ही हातांनी, पाय लावून ओढलीत आणि काही झालं नाही.  हे दर महिन्याला तार तपासतात, नाही असं नाही. पण पुढे, पंपाजवळ, कारण तिथे त्यांची खुर्ची आहे. मागून कुणी कधी ओढलीच नव्हती. मी जिच्या भरवशावर झोपत होते ती तार कितीतरी दिवस मेलेली होती. तुम्ही चादरींसाठी ती जिवंत केलीत. तुम्ही आला नसतात तर परवा मी अस्वलासकट त्या झोळात पडले असते, आणि पंप चालू राहिला असता. पुढचं लिहवत नाही.

परवानगी राहिली! अटी आहेत. नवं पॅकिंग. तारेला कड्या आणि स्प्रिंग, म्हणजे माणसाने ओढली तर पडेल, बगळ्याने नाही. दर महिन्याची चाचणी मागच्या टोकाकडून आणि माझ्या हाताने. ह्यांना आठवडाभर शिकाऊ लोकांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचंय. आणि शेवटची अट बाईंनी तोंडी सांगितली, "तारेवर काहीही वाळत घालायचं नाही. त्या बाईंना कळवा."

कळवलं.

परवा संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले, मामंजींना मध्ये न घालता. म्हणाले, "मी खरंच गाढव आहे." मी म्हटलं, "मी तसं म्हटलं नव्हतं." आणि मग मला रडू कोसळलं. हसताना आलं, पण थांबेचना.

तर तुम्ही सुटलात, वन्सं. आम्ही येत नाही. दोन खोल्या तुमच्या तुम्हाला लखलाभ. मापं घेणं आता थांबवा.

तुमची,
वहिनी


घरून,
३ एप्रिल

वहिनीबाई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, ते चुकलं. तू म्हणाली होतीस तसं बसून वाचायला हवं होतं.

देवाची कृपा आणि तुझ्या वजनाची. यापुढे त्या विषयावर मी बोलणार नाही. निदान लिहिणार नाही.

धाकट्याला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं हे फार छान झालं. शाळेत तो कायम शेवटच्या बाकावर होता, तिथूनच सगळं बिघडलं. त्याला म्हणावं आंघोळी पुरे आता, नाहीतर कातडी जायची.

तुम्ही येत नाही, हेही छानच झालं. तुमचं घर तुमच्यापाशी राहिलं. मला आनंद आहे.

फक्त एक अडचण झालीय. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी आतली खोली रिकामी केली. ह्यांचं कपाट, ह्यांची खुर्ची, हे गेल्यापासून इतकी वर्षं हलवलं नव्हतं, ते एका दुपारी हलवलं. इस्पितळातून तीन जुन्या लोखंडी खाटा मागून आणल्या. मला नाही म्हणायची तिथे कुणाची छाती नाही. रंग दिला. बाबांची खिडकीजवळ ठेवली. तू काही कळवलं नाहीस तरी मला आठवत होतं, लहानपणी बार्जवर ते कायम खिडकीकडे तोंड करून झोपायचे. दुसऱ्या दोन जोडून ठेवल्या, पण मध्ये एक फळी उभी केली, त्याच्या लाथांसाठी. फळीवर उशी बांधली, म्हणजे त्यालाही लागणार नाही. पंख्याचं तू सांगितलंच नाहीस, म्हणून मी तो तुझ्या बाजूने वळेल असाही बसवून घेतला आणि वळणार नाही असाही.

तुला वाटलं मी नको म्हणतेय. मी प्रश्नच तसे विचारले असतील. मला चादरींची भाषा येते, माणसांची जरा कमी.

आता दुकानदार रंग परत घेत नाही, आणि खाटा परत द्यायला माझंच मन होत नाही. त्या खोलीत मी एक दोरी बांधलीय आणि त्या तिन्ही खाटांच्या चादरी धुऊन वाळत घालते. कुणी झोपत नाही तरी धुते. न झोपलेल्या चादरी फार लवकर वाळतात, गं. मग दिवसभर दुसरं काही काम राहत नाही.

असो. चाचणी मागच्या टोकाकडूनच कर. चुकवू नकोस.

ताई


बार्जवरून,
८ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि खाटांपाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना. मग ह्यांनी वाचलं. त्यांना उशी बांधलेल्या फळीपाशी वाचता येईना. शेवटी मामंजींनी चष्मा लावून पुरं केलं आणि म्हणाले, "हिला आणा." एवढंच म्हणाले. मग कळलं सुस्कारा कसला होता तो.

तुम्ही मापं विचारलीत आणि मी मोजून राग धरला. मी पण गाढव. घरात दोन झाले.

आता ऐका, आणि या वेळी मध्ये बोलू नका, पत्र आहे. हे पुढच्या आठवड्यात वर्गाला जातायत. इथे मी, मामंजी आणि एक बगळा. चाचणीला मागून तार ओढायला मी आणि पुढे दांडा पडला की ओरडून सांगायला एक माणूस लागतो. मामंजी ओरडतात, पण दांडा पडला नाही तरी ओरडतात. भरवशाचं माणूस हवं. तुमची ती खिडकीजवळची खाट बरोबर घेऊन या, फिटर टेम्पो घेऊन येतोय. बाकीच्या दोन तिथेच राहू देत, आम्ही आलो की लागतील. अभ्रे मी धुतलेले नाहीत. मुद्दाम.

स्वयंपाकघराच्या मागे, लाल तारेपासून चांगलं लांब, ह्यांनी दोन खांब उभे करून तुमच्यासाठी एक दोरी बांधलीय. पांढरी. ओढली तर काहीही होणार नाही, आम्ही चौघांनी, बगळ्यासकट, तपासून पाहिलंय. पण गाठ ह्यांच्या हातची आहे. कालच दोनदा सुटली आणि अस्वल डेकवर लोळलं.

तेव्हा लवकर या आणि ती तेवढी नीट मारा.

तुमची,
वहिनी